नख अडकत नाही

३० ऑगस्ट, शनिवार

या डायरीच्या रेघा वाकड्या छापल्या आहेत. पानाच्या मधोमध आल्या की फुगतात. अनुष्काच्या ऑफिसात वाटलेली, म्हणजे धर्माची गाय, दात कशाला मोजा! पण ज्याने आयुष्यभर रसायनीच्या कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून सरळ रेघा ओढल्या त्याला असल्या रेघा खुपतात. मुलीने दिली आहे म्हणून वापरतो.

दीड दिवसाचे गणपती गुरुवारी गेले. घर भकास वाटत होतं, म्हणून खाली पार्किंगमध्ये जाऊन येझदीवरचं कव्हर काढलं. आत गेल्या दसऱ्याचा हार तसाच. झेंडू पार काळा पडून चिखल झालेला.

आमच्याकडे दसऱ्याचा हार गाडीवरून हाताने काढत नाहीत. पूजा झाली की सुमतीला मागे बसवायचं, पळस्प्याला गोवा रस्त्याला लागायचं आणि कर्नाळ्यापर्यंत जायचं. वाऱ्याने हार आपोआप सुटतो. डोंगराखाली चहा प्यायचा, एकमेकांना सोनं द्यायचं, परत यायचं. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी हार काढायला विसरलो होतो. तो वाटेत उडून गेला, तर मागून ही म्हणाली, देवाने घेतला. झाला नियम! त्यानंतर एक दसरा चुकला नाही. गेल्या वर्षीचा चुकला.

त्या दिवशी सगळंच उलटं झालं होतं. सकाळी फुलं घ्यायला दोघं येझदीवरून बाजारात गेलो, तर टपाल नाक्यावर सुमती मागून एकदम किंचाळली, "नारळ राहिला!" भर रस्त्यात करकचून ब्रेक मारायला लावला. घरी येऊन बघतो तर पिशवीत आधीच एक नारळ. मग पूजा झाल्यावर हिचंच डोकं दुखायला लागलं, कर्नाळा नको म्हणाली. पुढच्या रविवारी जाऊ म्हणत राहिलो आणि गाडी कव्हरखाली गेली ती गेलीच. हार काढायचा नाही, हा नियम मात्र पाळला. ओला हार, वर हळदीकुंकवाचं पाणी, त्यावर प्लास्टिक आणि अख्खा पावसाळा. फोर्कचे दोन पाईप म्हणजे गाडीचे पुढचे दोन पाय. हाराचा दोरा जिथे बांधला होता, बरोबर तिथे दोन्ही पायांत गंजाचे वाळे पडले आहेत.

ठरलं. या दसऱ्याला पाईप चकचकीत, नवा हार, आणि सुमती मागे. तिला सांगितलं तर म्हणाली, "बघू." उत्साह म्हणून नाही या बाईला.

३१ ऑगस्ट, रविवार

चांदीचा कागद पाण्यात बुडवून पाईप घासले. गंज निघतो त्याने. सुमती पितळेची भांडी घासायची पावडर घेऊन खाली आली होती. तिला म्हटलं, हा क्रोम आहे, तुझी समई नव्हे. तरी स्टूल टाकून बसली. मी घासत होतो आणि ती अधूनमधून म्हणत होती, इथे राहिलंय, इथेही राहिलंय. पार्किंगमधली ट्यूब बदलायला हवी, काही म्हणजे काही धड दिसत नाही.

वरचा गंज गेला, खाली बारीक खड्डे निघाले. खड्डा राहिला की फोर्क खालीवर होताना ऑइल सील फाटतं आणि तेल गळून ब्रेकवर येतं. काशीराम खड्डा नखाने शोधायचा. पळस्प्याच्या नाक्यावर वडाखाली त्याचं गॅरेज होतं, तेव्हा गोवा रस्ता एवढासा आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं. रसायनीहून परत येताना मी थांबायचो. अंगठ्याचं नख आडवं धरून तो पाईपवरून हळू खाली आणायचा. "अडाकला का खड्डा, नाय अडाकला तं पास." मी त्याला चिडवायचो, नख तुला लागतं बाबा, मला डोळा पुरतो. आणि पुरायचाच! अर्धा मिलिमीटर मी लांबून सांगायचो. काशीराम गेला. गॅरेज आता त्याचा मुलगा गुरुदत्त चालवतो. पाईपांना नव्याने हार्ड क्रोम करून घ्यावं लागणार, त्याच्याकडेच देतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

गुरुदत्त टेम्पो घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला. खरं तर तो उद्या येणार होता. उद्याचीच अनुष्काने माझ्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, मी फोन करून रद्द केली, म्हटलं गाडी न्यायला माणूस येतोय. मग सुमतीने गुरुदत्तला आजच बोलावून घेतलं. का, तर उद्या विसर्जनाची गर्दी. मला काही पटलं नाही. डॉक्टर कुठे पळून जातोय? पाईप झाले की जाईन. साखरेच्या माणसाने दरवर्षी डोळे दाखवावेत म्हणे. ह्यांना काय, सांगायला तोंड आहे.

टेम्पोत गाडी चढवताना सुमती गुरुदत्तशी बाजूला काहीतरी बोलत उभी होती. भाव करत असेल. भाव करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

गुरुदत्तचा फोन. तळोज्याला क्रोम करणाऱ्याकडे पाईप दिलेच नाहीत अजून. का? तर पितृपक्ष लागलाय. "नवीन कामाला हात नाय लावत काका आमी." अरे, मी गाडीला लग्नाला उभं करतोय का? पाईपच तर आहेत! पण सुमतीही म्हणाली, कशाला विषाची परीक्षा, पंधरवडा जाऊ दे. ही बाई एरवी पितृपक्षात साड्या घेते, गर्दी नसते म्हणून.

१३ सप्टेंबर, शनिवार

रिक्षा करून पळस्प्याला गेलो. मी गेल्याशिवाय काम हलणार नाही हे उघड आहे. येझदी पुढचं चाक नसलेली, विटांवर टेकवून ठेवलेली. बघवेना.

गुरुदत्त जेवत होता. चपटा स्टीलचा डबा, आमच्याकडे आहे तसाच. झाकणावर नाव कोरलेलं होतं, पण त्या शेडमध्ये उजेडाच्या नावाने शंख, वाचता आलं नाही. आत अळूवड्या. एक मला दिली. चव अगदी सुमतीच्या हातची. म्हटलं, तुझी बायको हे कुठून शिकली रे? त्याला ठसका लागला, पाणी प्यायला.

मग बराच वेळ बसलो. त्याच्या वडिलांच्या गोष्टी निघाल्या. अनुष्काला मी येझदी शिकवली तेव्हा ती बारावीत होती. खांदा कॉलनीच्या मागच्या मैदानात तिने गाडी पाडली, क्लचची दांडी मोडली आणि रडत म्हणाली, आता कधी शिवणार नाही. काशीरामने दांडी बसवून दिली आणि तिला म्हणाला, गाडी पडली म्हंजे आता तुझी झाली. दुसऱ्या दिवशी कारटी माझ्या आधी उठून किल्ली घेऊन उभी. गुरुदत्तला सगळं आठवत होतं. घरी येताना फार बरं वाटत होतं. पाईपांचं विचारायचं राहिलंच.

१७ सप्टेंबर, बुधवार

गॅलरीचं ग्रिल वाकलं आहे. मधले दोन बार चांगलेच आत आलेत. सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी ग्रिल पाहिलं, मग सुमतीकडे पाहिलं, मग म्हणाले, बघून घेतो. सुमतीने त्यांना चहा दिला आणि दोघं उगाच पावसाबद्दल बोलत बसले. सगळा कारभार असा!

गच्चीवरून कर्नाळ्याचा अंगठा दिसतो का पाहायला गेलो होतो. किल्ल्यावरचा तो सुळका म्हणजे आमच्या पनवेलची खूण, अनुष्का लहानपणी त्याला टाटा करायची. नाही दिसला. इतकी बांधकामं, इतकी धूळ. डोंगर दिसतो आणि नेमका अंगठाच धुळीत. वाईट वाटलं.

२० सप्टेंबर, शनिवार

आज गॅरेजमध्ये गुरुदत्तशी भांडण झालं.

उजवा पाईप वाकडा आहे. मी टेबलावर ठेवून पाहिला, मधोमध सरळ सरळ बाक दिसतो. गुरुदत्त म्हणे नाही. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, तुझ्या बापाला विचारलं असतंस तर त्याने सांगितलं असतं माझा डोळा काय आहे. त्याने शोकेसची एक जाड काच जमिनीवर ठेवली आणि पाईप त्यावरून ढकलला. वाकडा पाईप लोळताना थडथडतो, लंगडतो. हा गुळगुळीत लोळत गेला. मी म्हटलं, काच वाकडी असेल. मग त्याने पाईप उलट बाजूने लोळवला. तसाच आला.

"काका, पाईप सरल हाय," तो म्हणाला. आवाज इतका मऊ की मला जास्तच राग आला. उद्या सर्वपित्री, परवा घट बसतील, त्यानंतर एक दिवस ऐकून घेणार नाही असं बजावून आलो.

घरी सुमतीला सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. निवडतच राहिली.

२५ सप्टेंबर, गुरुवार

क्रोम होऊन आला! आणि त्यावर डाग!

डाव्या पाईपवर, मध्यावर, राखेचं बोट लावावं तसा करडा डाग. गुरुदत्त म्हणतो डाग नाही. सुमती माझ्याबरोबर आली होती, तीही म्हणते नाही. दोघांनी मिळून मला वेड्यात काढायचं ठरवलंय. एक म्हणतो आणि दुसरा मान डोलावतो. मी विचारलं, तुमचं काय चाललंय? सुमतीने तोंड फिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की काय. मी जरा जास्तच आवाज चढवला असेन.

गुरुदत्त म्हणाला, "काका, नख फिरवून बघा की." मी नाही फिरवलं. दोन्ही पाईप गोणपाटात गुंडाळले आणि रिक्षात घालून घरी आणले. उद्या सकाळी गॅलरीत, कोवळ्या उन्हात, स्वतः तपासतो. डागावर पेनने खूण करून पाईप परत पाठवतो. दसरा पुढच्या गुरुवारी आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जुन्या चादरीवर पाईप ठेवले. डाग होता. पेन घेऊन खूण करायला गेलो तर डाग वर सरकला. खाली पाहिलं, खाली आला. पाईप हातात गोल फिरवला, डाग फिरला नाही. भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर होता.

मग डोळे मिटले आणि नख लावलं. काशीराम लावायचा तसं, आडवं. वरपासून खालपर्यंत. अडकलं नाही. दुसरा पाईप. नाही अडकलं. परत पहिला घेतला. कुठेतरी अडकावं अशी फार फार इच्छा होती.

आतून माझी ड्रॉइंगची स्टीलची पट्टी आणली आणि ग्रिलच्या वाकड्या बारला लावली. बोटाने चाचपलं, मध्ये फट नाही. बार पट्टीला टेकून उभा होता. वाकडी दिसत होती ती पट्टी.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर तो चपटा डबा पालथा घातलेला. झाकण घेतलं आणि नख फिरवलं. इथे मात्र अडकलं. एकेक अक्षर लागत गेलं. सौ. सुमती. लग्नात तिच्या मामाने दिलेला.

आज जास्त लिहवत नाही. भीती वाटते आहे. स्पष्ट लिहितो, फार भीती वाटते आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

काल दिवसभर अबोला धरला. आज सकाळी चहा ठेवताना मीच विचारलं, कधीपासून माहीत आहे तुला?

ती स्टुलावर बसली. म्हणाली, गेल्या दसऱ्यापासून. टपाल नाक्यावर एक बाई रस्ता ओलांडत होती, कडेवर पोर घेऊन, अगदी आपल्या समोर. आणि तुम्ही गाडी हळू करेचनात.

"मग नारळ?"

"काय ओरडायचं ते सुचलं नाही. बाई आली म्हटलं असतं तर तुम्हाला कळलं असतं की तुम्हाला ती दिसली नव्हती."

मला ती बाई आजही आठवत नाही. ब्रेक आठवतो, नारळ आठवतो, बाई नाहीच. कप खाली ठेवला.

मग बाकीचं तिनेच सांगितलं. डोकं दुखलं नव्हतं. पितृपक्ष गुरुदत्तला तिनेच सुचवला. पाईप रोज एक दिवस पुढे ढकल, दसरा जाऊ दे, तोवर मी यांना डॉक्टरकडे नेते, असं ठरलं होतं, आणि त्याच्या बदल्यात अळूवड्या. तो बिचारा शेवटी म्हणाला, काकी, काकांशी खोटं बोलवत नाय मला, आणि पाईप करून मोकळा झाला. मी रागावलो. म्हटलं, वर्षभर सगळे मिळून माझा खेळ केलात, सरळ सांगायचं होतंस.

ती म्हणाली, "सरळ सांगितलं असतं तर त्याच दिवशी गाडी काढली असती तुम्ही, दाखवायला."

खरं आहे. काढलीच असती.

३० सप्टेंबर, मंगळवार

अनुष्का सुट्टी घेऊन आली, डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चौकटी चौकटींचा एक कागद समोर धरला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात? म्हटलं, माझ्या डायरीसारख्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागात बिघाड आहे, दोन्हीकडे, उजवीकडे जास्त. सोमवारपासून इंजेक्शनं. आहे ते टिकवता येईल, गेलेलं किती येईल सांगता येत नाही. आधी आला असता तर, असं ते म्हणाले नाहीत, पण मी ऐकलं. कडेची नजर शाबूत आहे. गाडी चालवायची नाही.

बाहेर आल्यावर अनुष्काने माझा हात धरला. लहानपणी बाजारात मी तिचा धरायचो तसा, मनगटाला. सोडवून घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

संध्याकाळी गुरुदत्तला फोन केला. म्हटलं, पाईप पास आहेत. तो म्हणाला, "उद्या येऊन नेतो काका, गाडी जोडून परवा सकालीच दारात उभी करतो." मी म्हटलं, तुझा बाप बरोबर होता. आणि फोन ठेवला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

गाडी काय दिसत होती! पाईपांत उन्हाची रेघ चमकत होती, मला वाकडी, पण चमकत होती. सुमतीने पूजा केली, हार बांधला. या वेळी दोरा पाईपला नाही, हँडलला.

मी नवा झब्बा-लेंगा घालून उभा होतो. किल्ली माझ्या खिशात. सुमती हार सारखा करत होती, अनुष्का रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, कोणीतरी मागेल तरी किल्ली. कोणी मागितली नाही. मग मीच काढून अनुष्काच्या हातात दिली. वर उगाच ओरडलो, चोक सोडायला विसरू नकोस.

आता मागे कोण बसणार? मी सुमतीला म्हटलं, चल, बस. तर तिने आपलं हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं, हनुवटीखाली पट्टा लावला आणि म्हणाली, "इतकी वर्षं बसले. आज माझी जागा तुम्हाला. पाय सांभाळा, डावा सायलेन्सर चटका देतो."

कारटीने दुसऱ्या किकला गाडी चालू केली. तोच आवाज. पळस्प्यापर्यंत मला हात कुठे ठेवावेत कळेना. ब्रेक लागला की माझाच उजवा पाय दाबला जात होता. गुरुदत्त गॅरेजच्या दारात उभा होता, त्याने हात केला, मीही केला. मग गोवा रस्ता लागला, अनुष्काने गाडी सोडली आणि हार सुटला. पाकळ्या हेल्मेटच्या काचेवर थडाथडा आदळल्या. पुढे बसणाऱ्याला हे कधी कळत नाही. हार उडताना मी एकदाही पाहिला नव्हता, दरवर्षी सुमतीने पाहिला होता.

कर्नाळ्याच्या अलीकडे डोंगर डाव्या हाताला आला. सरळ पाहिलं, तर अंगठ्याच्या जागी तोच करडा डाग. मागे बसलेल्या माणसाला काही काम नसतं, म्हणून मान वळवून झाडांकडे पाहायला लागलो. आणि डोळ्याच्या कडेला अंगठा उभा! अगदी होता तसा. पाहायला गेलं की जातो, झाडांकडे पाहिलं की येतो. अनुष्काच्या पाठीवर थाप मारून ओरडलो, दिसला, दिसला! तिला वाटलं काहीतरी झालं, तिने गाडीच थांबवली. मग दोघं रस्त्याच्या कडेला उभं राहून बराच वेळ झाडांकडे बघत होतो. चहा प्यायलो. तिने मला सोनं दिलं. थोडी पानं सुमतीसाठी खिशात ठेवली.

घरी उतरताना व्हायचं तेच झालं, डावी पोटरी सायलेन्सरला टेकली. लग्नाच्या पहिल्या वर्षी सुमतीला तिथेच चटका बसला होता. मी तेव्हा खूप हसलो होतो, तिला नीट उतरता येत नाही म्हणून सोसायटीभर सांगितलं होतं. डाग अजून आहे तिच्या पायावर.

दार उघडलं तर ती खोबरेल तेलाची वाटी घेऊनच उभी होती. मी तिच्या हातावर सोनं ठेवलं, तिने लेंगा वर करून पोटरी पाहिली. हसली नाही. तेल लावताना एवढंच म्हणाली, "अंगठा दिसला ना?"

म्हटलं, दिसला. तुला दरवर्षी दिसायचा?

"मी त्याच बाजूला तोंड करून बसायचे," ती म्हणाली.